मेन पाडल्यावर वाजलेला फोन

तिला सगळे ट्रिंगवहिनी म्हणत. तोंडावर नुसतं वहिनी, माघारी ट्रिंगवहिनी. लग्नाआधी तिच्या बापाच्या दुकानात टेलिफोनचा बूथ होता. काचेची उभी पेटी, आत एक स्टूल, बाहेर रांग. पोरगी त्या बूथवर बसूनच वाढली. कोण हळू बोलतो, कोण बोलता बोलता पाठ फिरवतो, कोण रिसीव्हर ठेवल्यावरही उगाच आत रेंगाळतो, हे सगळं काचेतून बघत ती मोठी झाली. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला. बापानं बूथमध्ये साबणाची खोकी रचली, अन् पोरगी लग्न होऊन पंपवाल्यांच्या घरात आली. पण घंटी वाजली की हातातलं टाकून धावायची खोड काही गेली नाही. दूध उतू जाईल, पण फोन चौथ्यांदा वाजणार नाही. म्हणून ते नाव.

पंपवाले म्हणजे तिघे भाऊ. खाली पत्र्याची शेड, तिथं हाताखाली चार कारागीर, वर घर. शेडमध्ये पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी यायच्या अन् तांब्याची नवी तार गुंडाळून, बेअरिंग बदलून, पुन्हा गुरगुरत जायच्या. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, पंपाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचा. मधला दीर विजेचा माणूस. बोर्ड, स्टार्टर, केबल, सगळं त्याच्या हाताखालचं, अन् स्वभावही विजेसारखाच, कुठून झटका बसेल सांगता येत नसे. धाकटा दिवसभर मोटारसायकलवर, या गच्चीवरून त्या तळघरात.

गिऱ्हाइकांकडं तिघांचेही मोबाइल नंबर होते. थोरल्याचा फोन शेडच्या गोंगाटात ऐकू यायचा नाही, मधल्याचे हात कायम ग्रीसमध्ये, धाकटा रस्त्यावर. त्यामुळं एक तर कुणीच उचलायचं नाही, नाहीतर तिघंही उचलायचे. एकदा तर एकाच हॉटेलात तिघे भाऊ तीन वाटांनी पोचले अन् जिन्यात एकमेकांना म्हणाले, तू इथं कसा? हसून हसून पोट दुखलं तेव्हा. पण त्या दिवशी दुसऱ्या दोन ठिकाणी पाणी नव्हतं, तिथं हसायला कुणी नव्हतं.

शेवटी इस्पितळाचे इंजिनियर स्वतः शेडच्या दारात येऊन उभे राहिले. शेडचं निम्मं काम त्या इस्पितळाचं. माणूस सुकलेल्या खोबऱ्यासारखा. हसला तर तडा जाईल. चहा नको म्हणाले, बसायला नको म्हणाले. वॉर्डात पाणी बंद पडल्यावर मी तीन नंबर फिरवत बसायचं का, असं त्यांचं विचारणं होतं. एक नंबर द्या, त्यावर माणूस बोलला पाहिजे, तेही लगेच. जमत नसेल तर तसं सांगा, गावात पंपवाले काय तुम्हीच आहात?

तिघंही आपापला मोबाइल चाचपू लागले. वहिनी डब्यात पोळ्या घेऊन खाली आली होती. तिनं डबा मोटारीवर ठेवला अन् म्हणाली, "एक नंबर मी देते."

कुठून देणार, हे तिला तेव्हा बिलकूल ठाऊक नव्हतं. पण इस्पितळाच्याच ऑफिसात तिनं एकदा टेबलावरचा फोन बघितला होता. काळा, पाटीएवढा, छोटा पडदा असलेला. रिसेप्शनवरची बाई एका बोटानं कॉल इकडून तिकडं सरकवत होती, जशी एखादी भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर. ते चित्र वहिनीच्या डोळ्यांतून हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पत्ता काढत फोनच्या दुकानात गेली. तिथली फोनवाली तरुण अन् बोलायला भरधाव. तिनं सांगितलं ते असं: नंबर एकच. कॉल येणार इंटरनेटवरून, अन् हवा तितक्या फोनवर एकदम वाजणार. प्रत्येक फोनला आपापला छोटा नंबर, म्हणजे एक्स्टेंशन. बाहेर फिरणाऱ्या माणसाच्या मोबाइलवरही एक अॅप टाकायचं, की तोही फोन शेडमधलाच झाला. वहिनीनं विचारलं, बोलत असताना दुसऱ्याचा फोन आला तर? दुसऱ्या फोनवर वाजेल. अन् तिसऱ्याचा? तिसऱ्यावर. वहिनीला बापाच्या बूथपुढची रांग आठवली, अन् ती रांग डोळ्यांपुढंच वितळून गेली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवऱ्याला विचारायच्या आत तिनं तीन फोन सांगून टाकले.

थोरला नाही म्हणाला नाही. बायकोचा चेहरा बघून नाही म्हणायची सोय नव्हती. मधला मात्र कुरकुरला. "नाकापेक्षा मोती जड. पंप आपण हातानं दुरुस्त करतो, तोंडानं नाही."

फोनवालीच्या माणसानं येऊन सगळं जोडून दिलं. एक फोन दाराजवळच्या वहिनीच्या टेबलावर, एक तार गुंडाळायच्या बाकाजवळ, एक मधल्याच्या बोर्डापाशी. भिंतीवर इंटरनेटचं यंत्र, त्याच्याशेजारी केबली वाटणारा डबा. गंमत म्हणजे फोनला विजेची वायर वेगळी नव्हतीच. त्याच एका बारक्या केबलीतून बोलणंही यायचं अन् फोनला लागणारी वीजही. मधल्यानं फोन उलटा करून बघितला, खालून बघितला, प्लग शोधला. प्लग नाही. त्याला ते पटलं नाही. बिनदोरीच्या विहिरीतून पाणी निघाल्यासारखं त्याला वाटलं.

मग वहिनीची शाळा सुरू झाली. ती सगळ्यांना उभं करून शिकवायची. कॉल दुसऱ्याला द्यायचा तर रिसीव्हर बाजूला ठेवून हाक मारायची नाही. ट्रान्स्फर दाबायचं, म्हणजे समोरच्याला बारीक गाणं ऐकू येतं अन् आपण काय बोलतो ते त्याला कळत नाही. मग ज्याला द्यायचा त्याचा छोटा नंबर. तो बोलला की त्याला सांगायचं कोण आहे अन् काय म्हणतो. मग पुन्हा ट्रान्स्फर, अन् आपण मधून बाहेर. नुसतं थांबवायचं असेल तर होल्ड.

पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्याच सकाळी मधल्यानं हॉटेलच्या मॅनेजरचा फोन उचलला, रिसीव्हर बाकावर आडवा ठेवला अन् ओरडला, "वहिनी, तो रडतोंड्या परत आलाय!"

वहिनीनं आपल्या टेबलावरून धावत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "हां, रडतोंड्याच बोलतोय."

पण दुपारपर्यंत शेडचा रंग पालटला. थोरला बसल्या जागेवरून धाकट्याला गच्चीवर गाठू लागला. धाकटा तिकडून सांगायचा, शाफ्ट एवढ्या जाडीचा आहे, अन् तो पोचायच्या आत इकडं बेअरिंग काढून ठेवलेलं असायचं. वहिनी तर हवेत होती. कॉल आला, उचलला, सरकवला. कॉल आला, उचलला, सरकवला. स्वयंपाकाला उशीर झाला अन् कुणी बोललं नाही, कारण जेवायची आठवण कुणालाच नव्हती.

अन् मग मेन पडला.

त्या शेडमध्ये एक नेम होता, अन् तो मोडायची कुणाची छाती नव्हती. कुणालाही मशीनमध्ये हात घालायचा असेल तर आधी शेडचा मेन पाडायचा. नुसतं त्या मशीनचं बटण नाही, अख्ख्या शेडची वीज तोडणारा मोठा खटका. सासऱ्यांच्या काळात कुणीतरी चुकून भलतंच बटण दाबलं होतं अन् त्यांची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून हा नेम. दिवसातून कितीदा तरी 'मेन!' अशी आरोळी यायची, मधला खटका खाली ओढायचा, सगळं गप्प व्हायचं, हात आत जायचा, हात बाहेर यायचा, पुन्हा खटका वर.

तिघांच्या खिशातल्या मोबाइलना या मेनचं सोयरसुतक नव्हतं. पण हे नवे फोन, अन् इंटरनेटचं यंत्र, अन् तो डबा, सगळं त्याच मेनवर. वहिनी इस्पितळाच्या इंजिनियरांशी बोलत होती. ते म्हणत होते, "दुसऱ्या पंपाचं असं झालंय की" अन् फोन काळाठिक्कर. मेन परत वर गेला तरी फोन लगेच शुद्धीवर येईना. पडदा उजळला, विझला, पुन्हा उजळला. तोंड धुऊन, केस विंचरून लेकाचे सावकाश उठले. तोवर इंजिनियरांनी दोनदा नंबर फिरवला होता.

तिसऱ्यांदा लागला. रागावलेला माणूस ओरडला तर बरं असतं. हे ओरडले नाहीत. "बाई, मी अर्धंच वाक्य बोललो. उरलेलं अर्धं ऐकायला दुसरा माणूस बघू का? आता एकदाच फोन करीन. कधी ते सांगणार नाही. लागला तर काम तुमचं, नाही लागला तर राम राम."

वहिनीनं ते जसंच्या तसं शेडला सांगितलं. थोरल्याच्या हातातली तार थांबली. इस्पितळ गेलं तर दोन कारागिरांना घरी बसवावं लागणार, हे त्याला हिशेब न करताही कळत होतं. पण तो म्हणाला, मेन पाडायचा तो पाडायचाच, फोनसाठी मी कुणाची बोटं घालवणार नाही. वहिनीनंही मान डोलावली. सासऱ्यांना त्या हातानं जेवता येईना तेव्हा तिनं स्वतः घास भरवला होता.

कुणीतरी म्हणालं, वहिनी, तुम्ही हे सगळं तुमच्या मोबाइलवरच घ्या. पण पत्र्याखाली मोबाइलला रेंज आली तर आली. तिचा भरवसा धरायचा म्हणजे मांजराला दुधाची राखण. मग फोनवालीनं तोड काढली. यूपीएस लावा, म्हणजे बॅटरीचा डबा. मेन पडला तरी बॅटरीवर फोन चालतील. वहिनीनं तो डबा त्याच दिवशी आणला, लावला, अन् मेन पडायची वाट बघत बसली. आरोळी आली. मेन पडला. फोन जिवंत! वहिनीनं टाळी वाजवली, अन् टाळीचा आवाज विरायच्या आत फोन मेले.

मधल्यानं यूपीएसमध्ये खोचलेला केबलींच्या डब्याचा प्लग उपटून हातात धरला होता.

"भावजी, हे काय केलंत?"

"मेन पाडला म्हणजे शेडमध्ये सगळं मेलं पाहिजे," मधला म्हणाला. "एकही वायर जिती राहता कामा नये. आज फोनचा डबा जिता ठेवाल, उद्या कुणी त्याच बॅटरीला दिवा लावेल, परवा पंखा. मग मेन पाडून उपयोग काय?"

त्याच्यावर चिडावं तर त्याचं खोटंही नव्हतं. मेन त्याच्या हातात, म्हणजे सगळ्यांची बोटं त्याच्या हातात. वहिनी वर गेली. भांड्यांची आदळआपट मात्र खालपर्यंत ऐकू येत होती, त्यावरून काय ते ज्यानं त्यानं समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी उभी होती. खाली 'मेन!' झालं, गुरगुर थांबली, अन् घर एकदम शांत झालं. तिच्या डोक्यावरचा दिवा मात्र जळतच होता. जळणारच, घराचा मीटर वेगळा, शेडचा वेगळा. इतकी वर्षं तो दिवा जळत होता अन् इतकी वर्षं ती त्याच्याखाली उभी होती. तिनं दिव्याकडं बघितलं, मग पायाखालच्या जमिनीकडं. पळी हातात तशीच घेऊन ती जिना उतरली.

तिचं म्हणणं साधं होतं. इंटरनेटचं यंत्र, केबलींचा डबा, बॅटरी, सगळं वर स्वयंपाकघरात फळीवर ठेवायचं. खाली शेडमध्ये फक्त बारक्या केबली अन् फोन. मेन पडो नाहीतर आभाळ पडो, फोनला वीज वरून येणार.

थोरल्याचा चेहरा उजळला. मधल्याचा नाही. "म्हणजे मेन पाडल्यावरही शेडात जिती वायर आलीच की. बॅटरी खाली काय अन् वर काय!"

वहिनीनं तिथूनच फोनवालीला फोन लावला अन् स्पीकरवर टाकला. त्या केबलीतून किती वीज येते, हे मधल्यानं विचारलं. तिनं सांगितलं, अठ्ठेचाळीस व्होल्टच्या आसपास. मधला म्हणाला, बघा! तर ती म्हणाली, "पण काका, ती मोकळ्या केबलीत येत नाही. डबा आधी विचारतो. पलीकडून फोननं ओळख पटवली तरच वीज सोडतो. मोजून बघा."

मोजून बघा म्हणणं म्हणजे मधल्याला जेवायला बोलावण्यासारखं. त्यानं आपला काटेवाला मीटर आणला, केबलीचं तोंड सोललं, तारा वेगळ्या केल्या. सगळी शेड गोळा झाली. डबा तात्पुरता वर ठेवून केबली जिन्यातून खाली सोडल्या होत्या. वर वहिनीनं तो चालू केला अन् जिन्यातून ओरडली, "आली का?"

मीटरच्या टोकांनी त्यानं एकेक जोडी तपासली. काटा नुसता थरथरला, मांजर दारातून डोकावून परत जावं तसा, अन् पुन्हा शून्यावर. मधल्यानं तारा उलट्यासुलट्या करून बघितल्या. मीटर झटकला. पुन्हा थरथर, पुन्हा शून्य. मग तो हळूच बाकाखालच्या दुसऱ्या केबलीपाशी गेला, तिला फोन जोडला. क्षण दोन क्षण काही नाही. मग पडदा उजळला. फोन काढला, मेला. जोडला, उठला.

मधल्यानं तसं चार-पाचदा केलं. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा लहान पोरासारखा होत गेला. आयुष्यभर त्यानं हाताळली ती सगळी वीज आंधळी. पुढं लोखंड असो की माणूस, धावत सुटणारी. अन् ही अशी, की दारात उभी राहून विचारते, कोण आहे?

"दादा," तो थोरल्याला म्हणाला, "ही विचारल्याशिवाय चावत नाही रे!"

थोरला म्हणाला, घरात तुझ्यापेक्षा ती बरी मग. सगळी शेड हसली, अन् सगळ्यात मोठ्यानं मधला हसला. जिन्याखालच्या भिंतीला भोक त्यानं स्वतःच पाडलं. केबली पाइपातून घेतल्या, पाइप खिळ्यांनी ठोकला, अन् तारा मोटारीच्या केबलींपासून हातभर लांब राहतील असं बघितलं. दुसऱ्या कुणाला त्यानं हातही लावू दिला नाही. वहिनी तेवढ्यात धाकट्याच्या मोबाइलवरचं अॅप तपासत बसली. एकदा त्याला फोन करून, मग उगाच दुसऱ्यांदा.

इंजिनियरांचा फोन त्या दिवशी आला नाही. पुढच्याही दिवशी नाही. वहिनी टेबल सोडून हलेना. थोरला म्हणायचा, अगं, जेवून तरी ये. ती ताट टेबलावर मागवायची.

मग एका सकाळी थोरला एका भल्यामोठ्या मोटारीत कोपरापर्यंत हात घालून आत अडकलेला स्क्रू चाचपत होता. मेन पाडलेला. मधला खटक्यावर हात ठेवून उभा. शेडमध्ये अंधुक उजेड अन् अशी शांतता, की पत्र्यावरची चिमणी पाय हलवते ते ऐकू यावं.

अन् फोन वाजला.

तिन्ही फोन एकदम वाजले. गोंगाटात आजवर त्यांचा आवाज असा कुणी ऐकलाच नव्हता. पत्र्याखाली तो देवळातल्या घंटेसारखा घुमला. अंधारात तीन पडदे उजळले. वहिनीनं झडप घातली.

पलीकडून इंजिनियर म्हणाले, "काय हो, शेडला कुलूप ठोकलं की काय? एवढी शांतता?"

"कुलूप नाही, मेन पाडलाय. तुम्ही बोला."

ऑपरेशनच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. पंप फिरतोय, पण वर थेंब नाही. डॉक्टर हात धुवायचे खोळंबले आहेत. वहिनीनं स्पीकरचं बटण दाबलं. थोरल्याचा हात मोटारीत, पण कान मोकळे होते. तो तिथूनच म्हणाला, "साहेब, पंपाजवळ आहात ना? फोन पंपाशी धरा."

फोनमधून पंपाचा आवाज शेडमध्ये आला. स्वच्छ, जणू पंप बाकावर आणून ठेवलाय. थोरल्यानं डोळे मिटले. कुणी हललं नाही.

"पोकळ फिरतोय," थोरला म्हणाला. "पाण्याऐवजी वारा ओढतोय. आधी बंद करा, नाहीतर सील जळेल. खालच्या टाकीत पाइपाच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह आहे तो पाणी धरत नाही. आमचा माणूस येतोच."

आता वहिनीचं काम. ट्रान्स्फर. बारीक गाणं सुरू झालं. धाकट्याचं एक्स्टेंशन. एकेक आकडा तिनं बघून दाबला. एक घंटी, दुसरी घंटी, अन् धाकट्याचा आवाज, मागं गाड्यांचा गोंधळ. तिनं त्याला सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, मी चौकातच आहे, गाडी वळवतो, द्या साहेबांना. पुन्हा ट्रान्स्फर. पडद्यावरून कॉल नाहीसा झाला. एवढासा पडदा रिकामा झाला. तोडला की काय आपण?

"पडला?" मधल्यानं विचारलं.

"गेला," ती म्हणाली. "पोचला का ते नाही ठाऊक."

थोरल्यानं मोटारीतून हात बाहेर काढला, बोटांत स्क्रू. मधल्यानं तो हात डोळ्यांनी बघितला, मगच खटका वर केला. शेड पुन्हा गुरगुरू लागली. पण त्या दिवशी कुणाचं मन तारेत नव्हतं. थोरला एक फेरा गुंडाळायचा अन् वहिनीकडं बघायचा. ती फोनकडं बघायची. मधल्यानं दोनदा येऊन केबल नीट बसली आहे का ते हलवून बघितलं. वहिनीनं दुसऱ्या वेळी त्याच्या हातावर चापट मारली.

पडदा उजळला. गोंगाटात घंटी कुणाला ऐकूच आली नाही. वहिनीला उजेड दिसला. रिसीव्हर एका कानाला, दुसऱ्या कानात बोट. इंजिनियर काय ते बोलले. ते फार बोलणारे नव्हतेच. पाणी चढलं. व्हॉल्व्हमध्ये चिंधी अडकली होती, तुमच्या पोरानं काढली. काम तुमच्याकडंच राहील, हा नंबर मी पंपघराच्या भिंतीवर रंगवून घेतो.

तिनं रिसीव्हर ठेवला. उभी राहिली, बोलली, पण मशीनपुढं तिचा आवाज म्हणजे वाऱ्यावरचा भुसा. थोरला दुरून हातानं विचारत होता, काय? तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा हात हलवला. मग तिला फोनवालीनं दाखवलेलं एक बटण आठवलं. ते दाबून बोललं की बाकीच्या सगळ्या फोनच्या स्पीकरमधून एकदम आवाज येतो. तिनं ते दाबलं. तरी काही ऐकू जाईना.

मधला तिच्या तोंडाकडं बघत होता. तो बोर्डापाशी गेला अन् कुणाचा हात कुठल्याच मशीनमध्ये नसताना त्यानं खटका खाली ओढला.

सगळं थांबलं.

"बोला, वहिनी," तो म्हणाला.

"इस्पितळ आपलंच," वहिनी म्हणाली, अन् बाकीचे दोन्ही फोन तिच्याच आवाजात तेच बोलले.

कारागिरांनी बाक बडवले. थोरल्यानं कपाळाचा घाम ग्रीसच्या हातानं पुसला अन् तोंड काळं करून घेतलं. मधल्यानं सगळ्यांना पोटभर हसू दिलं.

"आता हात वर करा सगळ्यांनी," मग तो म्हणाला, अन् सगळे हात मोजून त्यानं मेन उचलला.